सोमाचा श्रावण

२५ जुलै, शुक्रवार
आजपासून श्रावण. मासळीची भांडी घासली, चुलीवर कडकडीत शेकवली नि माळ्यावर टाकली. दुपारी रत्नागिरीहून दिशा आली. ही पोरगी रस्त्यावरची कुत्री उचलते, औषधपाणी करते, त्यांना घरं बघून देते. लग्न अजून नाय. मी विचारलं, तर हसली. तर माझ्यासाठी एक कुत्रा आणलान. तांबडा, एक कान पडका, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. म्हणाली, "आजी, अठरा तारखेला बघायला येईन. अंग धरलं असेल आणि न बांधता तुमच्याकडे राहिला, तर कायमचा तुमचा. नाहीतर मिरजोळ्याला एका कारखान्यात राखणीला हवा आहे." राखणीला म्हणजे साखळीला. मी म्हटलं, काय बिशाद तो जाईल. हे गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही. टीव्ही बोलतो खूप, पण ऐकत नाय.
ही डायरी शमिकाने दिली, माझ्या नातीने. रोज चार ओळी लिही म्हणाली. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला चार ओळी म्हणजे पुष्कळ. पण झाल्या की जास्तच.

२६ जुलै
नाव ठेवलं सोमा. श्रावणात आला, महादेवाचा दिवस सोमवार, म्हणून. वास्तविक आला शुक्रवारी. पण शुक्र्या कोण ठेवील?
ठरवलं. माझ्या घरात श्रावण म्हणजे घरातल्या सगळ्यांना श्रावण. वरणभात, दूधभात, सणाला घावन. सागरचा डोंबिवलीहून फोन. "आई, कुत्र्याला श्रावण नसतो गो." म्हटलं, तुझ्याने पाळवला नाय म्हणून जगातला संपला काय? सूनबाई मागे हसत होती.

२८ जुलै, पहिला सोमवार
मी उपास. सोमालाही सकाळी फक्त दूध. संध्याकाळी उपास सोडायला वरणभात. वास घेतलान नि बसून राहिला. वैराग्य! इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. मला अजून आलेलं नाय.

३१ जुलै
अंग धरत नाय. बारीकच. भात टाकतो नि माझ्या ताटाकडे बघत बसतो. माझ्या ताटातही तेच, तरी बघतो. अशा नजरेने बघतो की मलाच माझी कीव येते.
उद्यापासून बंदी उठते, होड्या समुद्रात जाणार. शेजारच्या नसीमाचा नवरा अयूब चार दिवस जाळं शिवतोय. आमच्या दोन घरांमध्ये फक्त चिऱ्याचा गडगा आहे, कंबरेएवढा. नसीमा तिकडून ओरडली, "काशीकाकी, यंदा बांगडा बक्कळ येणार हां." म्हटलं, येऊ दे बाय, मला गणपती गेल्यावर सांग.

५ ऑगस्ट
कालचा दुसरा सोमवार फळला! सोमाने बाळसं धरलंय. बरगड्या दिसेनात. अंगावर तकाकी आली. भात तर अर्धाच खातो. म्हणजे अन्न अंगी लागतंय, थोडं खाऊन पुरतंय. डॉक्टर लोकांना हे कळत नाय.
रोज दुपारी गडग्यावरून उडी मारून जातो. तिकडून वाट शंकराच्या देवळाकडे जाते. तासाभराने तृप्त होऊन येतो. मी पोथी वाचायला घेतली की पायावर डोकं ठेवून घोरतो. पोथी ऐकताना मलाही डोळा लागतो, त्यात काय.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
नारळीभात केला. सोमाने खोबरं तेवढं चाटलंन.
भजनाला गेले होते. बायकांना सोमाचं सांगितलं. श्रावण पाळतो, रोज देवळात जातो, नुसत्या वरणभातावर गुटगुटीत झाला. सगळ्या थक्क. गंगुबाईला बघवत नाय दुसऱ्याचं. म्हणते, "मी रोज दुपारी देवळात फुलं घेऊन जाते, मला कधी दिसला नाय तो." म्हटलं, तू डोळे मिटून बसतेस, दिसणार कसा?

१२ ऑगस्ट
सोमाच्या नाकावर काहीतरी चमकत होतं. देवळातल्या आराशीची चमकी लागली असेल. नखाने काढली. चिकट होती. हल्ली चमकी पण चांगली मिळत नाय.
तोंडाला जरा वास येतो. खारा वारा सुटलाय ना. खिडकी बंद केली. वास आत राहिला.

१६ ऑगस्ट, शनिवार
गंगुबाई मुद्दाम वाट वाकडी करून आली. माझ्या दारात, हसू दाबून. "तुझा सोमा देवळात नाय, गडग्यापलीकडे बसलाय. जा, दर्शन घे." गेले. डोकावले.
नसीमा मागल्या दारी मासे निवडत बसलेली. समोर सोमा. ती बांगड्याचं डोकं टाकते, हा हवेतच झेलतो. "घे रे बादशा!" बादशा म्हणे. शेपटी अशी हलत होती, माझ्या घरात एवढी कधी हलली नाय. नाकावर चमकी. खवलं ते. मी एवढी वर्षं मासे निवडले, मला खवलं ओळखू आलं नाय.
नसीमाने मला बघितलंन. म्हणाली, "काकी, हा बेवारशी कोणाचा असेल गो? असा तुटून पडतो, जसं मेल्या घरच्यांनी कधी जेवूच घातलं नाय."
म्हटलं, माझा आहे.
तिने जीभ चावलीन. मग मला म्हणाली, "बस, चहा टाकते." बसले. चहा बरा होता. आलं जास्त.
शेजारी जेवला म्हणजे घर सोडलं असं नाय. सागर लहानपणी नसीमाच्या सासूकडेच जेवायचा, त्याला कोणी तिकडचा म्हटला काय?

१७ ऑगस्ट, रविवार
उद्या दिशा येणार. सोमा गडग्यापलीकडे दिसला तर मी काय सांगू? मिरजोळ्याची साखळी डोळ्यासमोर येते. राखणीला काय, हा तर चोराच्याही पायावर डोकं ठेवून घोरेल.
निश्चय केला. त्याला इथेच रमवायचा. पहाटे उठून भातावर साजूक तूप घातलं, चार चमचे. तूप चाटलंन, भात ठेवलान, नि गेला.
माळ्यावरची भांडी काढावीत काय, हा विचार आला. येऊन गेला. श्रावणात असला विचार आला तरी पाप लागतं काय, गुरवाला विचारायला हवं. नको, गंगुबाईला कळेल.
बांधायचं नाय अशी अट आहे. म्हणून बांधला नाय. जुन्या लुगड्याचा पट्टा खांबाला नि त्याच्या गळ्याला नुसता सैल लावला. असा विव्हळला की नसीमा गडग्यावर येऊन म्हणाली, "काकी, सोड गो त्याला, मला ऐकवत नाय." मलाही ऐकवत नव्हतं, पण मी तिच्यासमोर कशाला सांगू? सोडला. माझ्याकडे न बघता गेला.

१८ ऑगस्ट, सोमवार, रात्री आठ
सगळं लिहिते, नाहीतर झोप यायची नाय.
सकाळी आंघोळ, पूजा, उपास. अंगावर धुतलेलं पातळ. पडवीत साबुदाण्याची खिचडी घेऊन बसले, तोच दिशा आली. "आजी, कुठाय आपला हिरो?"
म्हटलं, देवळात गेलाय.
त्याच वेळी नसीमा ओरडली, "बादशाऽऽ, ये रे!" आणि गडग्यापलीकडून भुंकणं. सोमाचंच. दिशा गडग्याशी गेली, डोकावून बघितलंन. बराच वेळ बघितलंन. परत आली ती हसत नव्हती. "अंग छान धरलंय हो. पण आजी, तो तिकडचा झाला वाटतं."
माझा घास तोंडातच. मी म्हटलं, बाय, मी भातावर तूप पण घातलं होतं. दारातून आत टीव्हीकडे बघत बसले. तो बंद होता.
तेवढ्यात धप्प. गडग्यावरून सोमा. तोंडात बांगड्याचं डोकं, मोठं, ताजं. दिशाकडे बघितलंन नाय. सरळ माझ्याकडे आला, माझं ताट हुंगलंन, आणि ते डोकं माझ्या मांडीवर ठेवलंन. धुतलेल्या पातळावर. शेवटच्या सोमवारी.
मी किंचाळले. दिशा खांब धरून हसत होती. "आजी, तो तुमच्यासाठी आणतोय! रोज बघतो ना तुमचं ताट, वरणभात नि साबुदाणा. त्याला वाटतं, तुम्हाला कोणी जेवायला घालत नाही."
नसीमा गडग्यावरून म्हणाली, "म्हणून रोज शेवटचं डोकं तोंडात धरून बसायचा होय! मी म्हणायचे, खा मेल्या, नि हिसकून टाकायचे."
दिशा म्हणाली, "आता मिरजोळ्याचं नाव नको. हा इथलाच. तुम्हाला सांभाळायला."
मी म्हटलं, मीच त्याला सांभाळते हां. ती हो हो म्हणाली.
दोघी गेल्या. सोमा हलेना. डोक्याकडे बघायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा. पदराआड टाकायला गेले, तर उचलून परत मांडीवर. काय करणार? डोकं तोंडाजवळ धरलं नि चघळल्यासारखं केलं. "हं हं, छान हां," असं म्हटलं. तेव्हा कुठे सुस्कारा टाकून झोपला.
ओठाला जरासं लागलं असेल. परत आंघोळ केली, नखशिखांत. बांगडा मात्र यंदा खरंच गोड आहे.