काचेचं पुढचं टोक

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळी.
दुकानाच्या एका पायरीची आजची खरी किंमत : उजवा घोटा, डावी चप्पल, चहाचे दोन कप आणि कारागिरांसमोर एकतीस वर्षं जपलेली अब्रू. कप मिळतील.

शनिवारी शोरूमची दर्शनी काच बसवायची आहे. आठ फूट बाय सहा, चार माणसांचं ओझं. अशी काच नेताना सगळ्यांचं पाऊल एकत्र पडावं लागतं, आणि ते पाडतो पुढच्या टोकाचा माणूस. म्हणजे मी. त्याचंच प्रात्यक्षिक देत होतो. "एक, दोन, पायरी" म्हणालो आणि पायरी चुकली. हातात काच नव्हती. असती तर पडलोच नसतो. रिकाम्या हातांची मला सवय नाही.

कप मेहुण्याच्या हातात होते. बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी 'दोन महिने, तात्पुरता' म्हणून दुकानात आला, म्हणून मी त्याला तात्पुरता म्हणतो. काच नेताना रस्त्यात उभं राहून गाड्या थांबवणं, हे त्याच्या वकुबाचं काम.

घरचा जिना माझा मी चढलो. (तात्पुरता माझ्या काखेत होता, पण नुसता होता.)

लेक फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, पाय उंच ठेवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, दोन दिवस शेक नाही, चोळणं नाही, चालणं तर नाहीच. चार वर्षं जाडजूड पुस्तकं वाचून निष्कर्ष काय, तर बर्फ.

शोरूमवाल्याला फोन केला. म्हटलं, मी पुढे नसलो तर तुमची काच दारातून आत जाणार नाही, लिहून घ्या. त्याने लिहून घेतल्यासारखं वाटलं नाही.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ६.
लेक उठायच्या आत गरम पाण्याची पिशवी. वर बाम, चांगला रगडून. दुखण्याला लाड चालत नाहीत.

सकाळी ८.
घोटा कुठे संपतो आणि पोटरी कुठे सुरू होते, ते आता सांगता येत नाही. लेक म्हणाली, "बाबा, सूज वाढवायचे उपाय आमच्या कॉलेजात शिकवत नाहीत. तुम्ही कुठून शिकलात?" आईवर गेली आहे.

दुपारी.
तात्पुरत्याला सात फोन केले. सातही वेळा काम सुरळीत चाललं होतं. काहीतरी लपवतोय.

गुरुवार, ६ मार्च.
डॉक्टर. वयाने माझ्या काच कापायच्या टेबलापेक्षा लहान. एक्स-रे काढला. हाड ठणठणीत, नुसता लिगामेंट ताणलाय. तीन आठवडे जपा म्हणाला. पहिल्या दिवशी उपचार कोणी केले, हे कौतुकाने विचारलं. मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "तरीच."

हाड मोडलं असतं तर प्लास्टर तरी मिळालं असतं. प्लास्टरला मान आहे. आता जिन्यात कोणी विचारलं की मी तोंड उघडायच्या आत बायको सांगते, काही नाही हो, पाय मुरगळलाय.

तीन आठवडे सामान्य माणसाला. मला परवापर्यंत खूप झाले.

शुक्रवार, ७ मार्च. संध्याकाळी.
रंगीत तालीम. घरात कोणी नाही असं पाहून जेवणाच्या टेबलाचं एक टोक उचललं. एक झालं. दोनला अशी कळ आली की फरशीवर बसलो. तसाच बायकोला सापडलो.

तिने बर्फ आणला. तिच्या जागी मी असतो तर आधी ओरडलो असतो. मग म्हणाली, "माझा भाऊ अकरा वर्षं रस्त्यात उभा राहून तुमचं पाऊल बघतोय. आणखी किती बघायचं त्याने?"

उत्तर तयार होतं, पण बर्फ फार गार होता.

शोरूमवाल्याला म्हटलं, काम पुढे ढकलू. तो म्हणाला, परवा उद्‌घाटन आहे, आणि मेहुण्यांशी बोलणं झालंय, अकराला येतायत ते. मेहुण्यांशी!

निर्णय : उद्या जाणार. रिक्षात बसून मी मोजणार. पाऊल माझ्याच आवाजावर पडेल. त्यांनी फक्त पाय हलवायचे.

शनिवार, ८ मार्च. दुपारी.
लेक कॉलेजात. बायको म्हणाली, या वेडेपणाला मी हात लावणार नाही. दहाला निघालो. जिना बसून उतरलो, एकेक पायरी. पहिल्या मजल्याला एवढ्या पायऱ्या कशाला लागतात कोण जाणे. खालच्या बाई दोनदा वर गेल्या, दोनदा खाली आल्या. रिक्षा मिळाली तेव्हा बारा वाजले होते.

पोचलो तर काच बसली होती आणि तात्पुरता धरून चौघे तिच्यावर फडका फिरवत होते. मी कुठे डाग दिसतो का पाहिलं. काच सरळ बसली का ते पाहायला लेव्हल मागितली. बुडबुडा मधोमध. लेव्हल उलटी करून लावली. मधोमध. रस्त्यात कोण उभं होतं, असं विचारलं. शोरूमचा वॉचमन, म्हणाले.

घोटा ठणकायला लागला होता. चौघेही मला घरी पोचवायला आले. जिना दिसला आणि मी कठडा धरून उभा राहिलो. तात्पुरत्याने न विचारता खालच्या बाईंकडून खुर्ची आणली, मला बसवलं, चौघांनी चार पाय धरले. पुढे तो. मी सवयीने मोजायला लागलो, "एक, दोन…"

"दाजी," तो मागे न बघता म्हणाला, "तुम्ही बोलू नका. पाऊल चुकतं."

मग तोच मोजत गेला. एकवीस पायऱ्या. एकही चुकली नाही.