पहिल्या डागाच्या टाळ्या

४ मार्च

मुकादमाची मुलगी येत्या सोमवारपासून कामाला लागतेय. इस्त्रीच्या रुळावर. माझ्याच हाताखाली! देव आहे म्हणायचा.

५ मार्च

आनंद पोटात मावत नाही, म्हणून नीट लिहून काढते.

आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. धुऊन-पिळून झाल्या की माझ्याकडे, आणि मी त्या तापलेल्या रुळाखाली सरकवते. या रुळाला एक खोड आहे. लाल बटण दाबलं की तो थांबतो, पण थांबल्यासारखं करून अर्धा वेढा आणखी घेतो. चादरीचं टोक अडकलं की नवीन माणूस बटण दाबतं, रूळ थांबला असं समजून हात घालतं — आणि भाजतं. जुन्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. नव्याला सांगायचं नाही, ही इथली रीत. पहिला डाग पडला की सगळे हातातलं काम टाकून टाळ्या वाजवतात. झालीस आमच्यातली! बहुतेकांच्या मनगटावर नखाएवढा डाग असतो, आणि तो ते कौतुकाने दाखवतात.

माझ्या धाकट्या बहिणीचा हात मात्र आत ओढला गेला. टाळ्या आधी वाजल्या, ती का ओरडतेय ते मागून कळलं. आता तिची दोन बोटं वाकत नाहीत. सुईत दोरा मी ओवून देते. जिचं भरतकाम लोक उलटं करून बघायचे, गाठ कुठे सापडते का म्हणून — तिला!

७ मार्च

धाकटीच्या हाताच्या चौकशीला मुकादम काय बोलला ते शब्दन् शब्द पाठ आहे माझं. "साहेब, प्रत्येक जागेची एक रीत असते. बाहेरच्याला ती वाईट दिसते, आतल्याला नाही. तुमच्या तराजूत आम्हाला तोलू नका." साहेबाने मान डोलावली. चहा आला. संपली चौकशी.

मी तेव्हा मागच्या खोलीत घड्या घालायची, रुळाचं मला काही माहीत नव्हतं. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडले होते, "चूक ती चूकच! या भिंतींच्या आत पण आणि बाहेर पण. मी रुळावर असते तर सांगितलं असतं!" लोक हसले. मुकादम हसला नाही, नुसता बघत राहिला. तेव्हापासून दात-ओठ खाऊन दिवस काढतेय. धाकटीची जागा मी मागून घेतली. खोड तिच्याकडून कळली होती, त्यामुळे माझ्या हातावर डाग नाही. म्हणून मी अजून यांच्यातली नाही.

९ मार्च

धाकटीला बातमी दिली. तिने एवढंच विचारलं, "तिला सांगशील ना?" बघू म्हटलं. "बघू काय त्यात?" म्हणाली, आणि मग सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेतला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जळलं हिचं आणि कळतंय मला.

१० मार्च

आली. मला मावशी म्हणते. स्वतःची पाण्याची बाटली आणते, केस घट्ट बांधते, सारखं विचारते — असं धरू का, एवढं ताणू का. गोड आहे. असू दे. धाकटीही गोडच होती.

मुकादम केबिनच्या काचेतून दोनदा डोकावला. हा डिलिव्हरीच्या गाडीवरून थेट मुकादम झालेला माणूस. रुळाला याचा हात कधी लागलेला नाही. रूळ चावतो एवढं माहीत आहे, कसा चावतो ते नाही.

११ मार्च

मी वाईट काय करतेय? काहीच तर करत नाहीये. गप्प राहणं ही इथली रीत, आणि रीतीने वागणाऱ्याला दोष नाही — हे मी नाही, त्यानेच सांगितलंय. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं नाही चालायचं. रीत बरोबर असेल तर त्याच्या मुलीलाही बरोबर.

१२ मार्च

आज टोक अडकलं होतं. तिने बटण दाबायच्या आत आपोआप सुटलं. मला दरदरून घाम. कशाला यायला हवा घाम? स्वतःचाच राग आला.

१३ मार्च

झालं!

मोठी चादर होती. टोक अडकलं. तिने बटण दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली क्षणभर. मी पुढची चादर झटकायला घेतली. मग तिने हात घातला.

मनगटापासून अंगठ्यापर्यंत भाजलंय. बोटं वाचली. टाळ्या पडल्या — मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. मुकादम केबिनमधून धावत आला. मुलीला जवळ घेतलं, पण बघत होता माझ्याकडे. मी म्हटलं, "प्रत्येक जागेची एक रीत असते." किती दिवस जपून ठेवलं होतं हे वाक्य! तो मुलीला धरून नळाकडे घेऊन गेला.

घरी सांगितलं. धाकटी ताटावरून उठली. समजेल तिला हळूहळू.

१४ मार्च

आज सगळ्यांनी मला आपल्यात बसवून चहा पाजला. पिळणाऱ्या मशीनवरच्या जाड्या काकूने पाठीवर थाप मारली, म्हणाली, "डाग नसला तरी आता तू आमच्यातली." चहा कडू होता की माझं तोंड, कोण जाणे.

१५ मार्च

हाताला पट्टी बांधलेली पोर बाटली न्यायला आली होती. रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती. म्हणाली, "मावशी, बाबांनी मुद्दाम तुमच्याकडे टाकलं होतं मला. म्हणाले होते, तिथे ती एकटीच आहे जी तुला सांगेल."