पॅकेज घ्यावं का, असं विचारणाऱ्या नोरीनला

बोटीवरून, बहुधा शुक्रवार
(इथे आज कोणता वार आहे ते लिफ्टमधल्या गालिचावर लिहिलेलं असतं, आणि मी आज जिन्याने आलो.)

सौ. नोरीनला थोरल्या भावाचे आशीर्वाद, आणि कर्टिसरावांना नमस्कार, ते घेणार असतील तर. तुझी तब्येत कशी आहे, कर्टिसरावांचा गुडघा कसा आहे आणि डुलूथला बर्फ किती पडला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक आहेत (बरी, वाईट, फार), तरी रीत म्हणून विचारतो. माझं ठीक आहे. भूक लागते आणि झोपही लागते, फक्त दोन्ही नको त्या वेळी लागतात. उद्या सकाळी आम्ही फ्लोरिडाच्या धक्क्याला लागू. सामान बांधून झालंय आणि ते बाहेर ठेवायला अजून अवकाश आहे, म्हणून हे पत्र.

तू विचारलं होतंस की लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही दोघं बोटीवर जाणार, तर ते खास जेवणाचं पॅकेज घ्यावं का, पैसे वसूल होतात का. तिकिटाच्या पैशात मोठ्या भोजनालयात तिन्हीत्रिकाळ जेवण मिळतं, आणि ते वाईट नसतं. पण त्याच बोटीवर चार छोटी हॉटेलं थाटलेली असतात, एक स्टेकचं, एक इटालियन, एक जपानी आणि एक फ्रेंच. तिथे शिरायचं तर वेगळे पैसे, आणि चारही ठिकाणचे एकदम भरले की त्याला पॅकेज म्हणायचं. म्हणजे पैसे मोजून पंगतीला बसलेल्या माणसाच्या कानात सांगायचं, की अहो, खरं जेवण आतल्या खोलीत आहे. मी टोलेडोच्या पाणीखात्यात उभा जन्म लोकांचे मीटर तपासले, असल्या युक्त्या मला लांबून कळतात. जिन्याच्या तोंडाशी मिलित्सा नावाची एक सर्बियन मुलगी टेबल टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की सवलतीचा आज शेवटचा दिवस. मी म्हटलं, पोरी, काल पण शेवटचाच होता. तर म्हणाली, "काल तुम्ही घेतलं नाहीत ना आजोबा, म्हणून आज परत आणला." हजरजबाबी आहे. तरीही मी घेतलं नाही.

आता जरा टेबलाबद्दल सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. एकेकट्या आलेल्यांना इथे एका टेबलावर बसवतात, आणि प्रवासभर तीच माणसं, त्याच खुर्च्या. तुझी जेनेटवहिनी होती तेव्हा आम्ही खिडकीशेजारी दोघांच्या टेबलावर बसायचो, आणि मधल्या त्या टेबलाकडे बघून ती हळूच म्हणायची, बिचारे. यंदा मी बिचाऱ्यांत. आम्ही चौघं होतो. एक अटलांटाची फिलिस. तिने तीन नवरे पोचवले आहेत आणि तिघांबद्दलच्या तक्रारी अजून चालू आहेत. दुसरा हार्लन, निवृत्त दंतवैद्य; तो बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दातांत बघतो (मी दुसऱ्या दिवसापासून तोंड मिटून हसायला लागलो). आणि तिसरा नेब्रास्काचा डेलमार. याने आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या आणि आता त्या गाड्यांच्या गोष्टी सांगतो. पुरात अडकलेली बस त्याने कशी बाहेर काढली, ही गोष्ट सूपबरोबर सुरू झाली, आणि पुडिंग आलं तरी मागची चाकं पाण्यातच होती. हसणं असं, की शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबायचे. फिलिस मला म्हणाली, या माणसाबरोबर आठवडा काढायचा म्हणजे शिक्षा आहे. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मनापासून म्हटलं.

मग एका संध्याकाळी डेलमार आलाच नाही. वेटरने त्याचे काटेचमचे उचलून नेले आणि हसला (इथल्या नोकरांना कशालाही हसायला शिकवलेलं असतं, त्यावरून काही ताडू नये). दुसऱ्या दिवशीही खुर्ची रिकामी. झालं! हार्लनने निदान केलं: पॅकेज घेतलं लेकाने. बोटीवर रिकाम्या खुर्चीचा अर्थ तोच असतो, नोरीन, दुसरा कोणाच्या मनातही येत नाही. आणि मग आम्ही जे तोंडसुख घेतलं म्हणतेस! फिलिस म्हणाली, "बघा, आपल्यात बसायची लाज वाटली त्याला. वंगणात हात घातलेला माणूस, आता फ्रेंच जेवतोय." हार्लन म्हणाला, त्याच्या दाढा बघता त्याला स्टेक चावणारच नाही. मीही मागे नव्हतो. म्हटलं, आता तिकडच्या वेटरला बसची गोष्ट ऐकावी लागत असेल, त्याला बक्षिशी दुप्पट मिळायला हवी. सगळे हसलो. खरं सांगतो, टेबलावर इतकं मोकळं वाटलं नव्हतं. फिलिसने तिची पर्स त्याच्या खुर्चीवर ठेवायला सुरुवात केली.

तेवढ्यात वारा सुटला. कप्तानाने सांगितलं की ज्या बंदराला आज थांबायचं ते रद्द, तिथे बोट लावणं धोक्याचं आहे, आता थेट घरी. अख्ख्या बोटीवर हाहाकार उडाला. लोकांना टोप्या, शिंपल्यांच्या माळा आणि स्वस्त दारू घ्यायची होती. फिलिस तर स्वागतकक्षात जाऊन भांडून आली. मला त्या हेलकाव्यांनी मळमळायला लागलं, म्हणून गोळी मागायला मी अगदी खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथे बाकावर बसलोय, तर पडद्याआडून एक आवाज आला, अगदी मऊ झालेला, धाप लागलेला: "...आणि पाणी बघतो तर सीटपर्यंत, पण पोरी, इंजिन मी आधीच..."

मी बाकावरून उठलो. (गोळी घ्यायची राहिलीच.)

पडदा सारला. डेलमार, नाकात नळी, छातीवर तारा, समोर जेलीची वाटी. नर्स त्याच्या दंडाला पट्टा बांधत होती. हृदयाचा झटका येऊन गेला होता, आणि ज्या बंदरात त्याला मोठ्या इस्पितळात उतरवायचं ते वाऱ्याने रद्द झालं होतं. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. म्हणाला, "अरे मर्ल! ये, ये. शेवटी घेतलंत ना पॅकेज सगळ्यांनी? मी या पोरीला तेच सांगत होतो. माझं टेबल वाईट नाही, म्हटलं. पण एकदा पॅकेज घेतलं की रोज नवं हॉटेल, रोज रांग. माणसांना वेळ कुठून होणार?"

तूच सांग, मी काय म्हणायला हवं होतं? नाही रे बाबा, आम्ही तिथेच बसलो होतो, तुझ्या खुर्चीवर पर्स ठेवून तुझ्या दाढांची टिंगल करत होतो, असं? मी म्हटलं, हो ना डेलमार, रांगा फार असतात.

"स्टेक खाल्लास?"

"खाल्ला."

"जाड किती?"

मी म्हटलं, दोन बोटं. तर तो विचारतो, "उभी की आडवी?" आणि मला सांगता येईना. मीटर तपासणारा माणूस मी, न बघितलेल्या वस्तूचं माप माझ्या तोंडून निघत नाही. त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि म्हणाला, "उद्या नीट बघून ये. इथे पाण्यासारखं सूप आणि ही हलणारी जेली, दुसरं काही देत नाहीत. निदान ऐकू तरी दे."

तिथून वर आलो तो सरळ मिलित्सासमोर. म्हटलं, दे बाई तुझं पॅकेज. तिला एवढा आनंद झाला की तिने उठून माझ्याशी हात मिळवला. "म्हटलं नव्हतं आजोबा, एकदा चव लागली पाहिजे?" मी पावतीवर सही केली.

तेव्हापासून मी चारही हॉटेलांत जेवलो, कधी दुपारी तर कधी संध्याकाळी, एकटा, दोघांच्या टेबलावर, समोर घडी न मोडलेला रुमाल. स्टेक आडवी दोन बोटं होता, करंगळीकडून. इटालियनमध्ये एक म्हातारा माझ्या कानाशी उभा राहून गात होता आणि जाईना, शेवटी त्याला माझा पाव दिला. जपानी हॉटेलात आचारी तव्यासमोर उभा राहून कोळंबी उडवतो आणि गिऱ्हाइकाने ती तोंडात झेलायची. माझी चष्म्यावर बसली आणि शेजारच्या लहान मुलांनी टाळ्या पिटल्या. रोज खाली जाऊन मी हे सगळं डेलमारला सांगायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. मध्येच प्रश्न: लोणी वितळलं होतं की गोळाच होता? बटाट्याची साल होती का? कोळंबीवर इतका हसला, की यंत्र टिकटिक करायला लागलं आणि नर्सने मला बाहेर काढलं. त्या माणसाचं हसणं मला चार दिवसांपूर्वी सहन होत नव्हतं, आणि आता मी जेवताना त्याला हसवण्यासारखं काय घडतंय तेच शोधत असायचो.

तू म्हणशील, दादा, बाकीच्या दोघांना का नाही सांगितलंस? तेच सांगतो. फिलिस खाली आली असती तर पहिल्याच वाक्यात म्हणाली असती, कसलं पॅकेज? आणि डेलमारला कळलं असतं की आपल्याला कोणी शोधलंच नाही. म्हणून मी गप्प बसलो. त्याला वाटत होतं, टेबल आपली आठवण काढतंय, फक्त वेळ नाही. आणि ते तसंच राहावं म्हणून मी त्याला टेबलापासून तोडलं. हे बरोबर केलं की चूक, मला कळत नाही, आणि त्याने मला फार त्रास होतोय. वर काय चाललं असेल याची मला कल्पना होतीच. आता माझीही खुर्ची रिकामी होती. लिफ्टमध्ये हार्लन भेटला तर म्हणाला, "काय मर्लशेठ, सुटलात म्हणे आमच्यातून." आणि माझ्या दातांकडे बघितलं.

आज दुपारी फ्रेंच हॉटेल होतं. भलीमोठी ताटली आणि मधोमध बदकाचा एवढासा तुकडा, बाजूला सॉसचे ठिपके. मी ठिपके मोजले, म्हटलं डेलमार नक्की विचारणार. खाली गेलो, तर पलंगावर नवी चादर होती. नर्स म्हणाली, सकाळीच. झोपेत. मग म्हणाली, "तुम्ही मित्र ना त्यांचे? आज काय जेवून येणार, विचारत होते." मी म्हटलं, बदक. ती म्हणाली, "हो का." आणि चादरीचा कोपरा परत नीट खोचला.

संध्याकाळी मी मोठ्या भोजनालयात गेलो, आमच्या टेबलावर. आज शेवटची रात्र. या रात्री दिवे मंद करतात आणि सगळे वेटर आइस्क्रीमचे केक डोक्यावर घेऊन बँडच्या तालावर टेबलांमधून मिरवतात, आणि प्रवाशांनी हातातले रुमाल गरगर फिरवायचे. फिलिस म्हणाली, "या या, राजेसाहेब. आज फ्रेंच बंद का?" मग मी सांगितलं. त्या गोंगाटात, ओरडून सांगावं लागलं, नोरीन. डेलमार गेला! म्हणून ओरडलो. हार्लनला आधी वाटलं, घरी गेला. मग समजलं. फिलिसने हळूच खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली, आणि बराच वेळ ती घट्ट धरून बसली. हार्लनने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. आजूबाजूला हजारभर माणसं रुमाल फिरवत होती. वेटरने चार ताटल्या ठेवल्या, सवयीने. चौथी परत न्यायला हात पुढे केला, तर फिलिस म्हणाली, राहू दे. केक वितळून त्याचं पाणी झालं तरी आम्ही कोणी उठलो नाही.

असो. पत्र लांबलं. कर्टिसरावांना गुडघा शेकायला सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ
मर्ल

ता. क. पॅकेजचं विचारलं होतंस ना? स्टेकसाठी म्हणशील तर घेऊ नका. मोठ्या भोजनालयातला स्टेकही तसाच असतो, फक्त अर्धं बोट कमी. आणि घेतलंच, तर टेबलावरच्या लोकांना सांगून जा की आम्ही उद्या येणार नाही, कुठे असू ते असं असं.

ता. क. दोन. खालून वर येताना स्वागतकक्षातल्या बाईने मला हाक मारली. म्हणाली, एवढं झालंय तर एकट्या प्रवाशांची माहिती तपासून घेतोय. काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं, तुमच्या नावापुढे इथे जेनेट लिहिलंय, नंबर बरोबर आहे ना? मी म्हटलं, नंबर बरोबर आहे. मग जरा वेळाने म्हटलं, बदला. तुला न विचारता तुझं नाव दिलंय. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं नव्हतं. अनोळखी नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस, विमेवाले असतात म्हणतेस, आणि बहुतेक असतातही. तरी यापुढे उचलत जा, नोरीन. एखाद्या वेळी मी असेन.