ओळखीचा आवाज सोबत आणावा

आदरणीय आर्डिसताईंना व्हर्नरचा नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? इकडे मिनेसोटात तळं अजून गोठलेलंच, आणि मी ठीक. (ठीक म्हणजे मार्लिस गेल्यावर जेवढा असेन तेवढा. तुमचीच धाकटी बहीण, तुम्हाला काय वेगळं सांगायचं!)

कानांचं विचारलंत. आधी औषधांच्या दुकानातून, खोकल्याच्या गोळ्यांशेजारी टांगलेलं कानयंत्र आणलं. तपासणी नको, काही नको. आपलं आपणच जुळवायचं. (मला साधं घड्याळ लावता येत नाही, असं मार्लिस लग्नापासून सांगायची.) कानात घातलं मात्र, फ्रिज, चमचे, वर्तमानपत्र सगळे एकदम अंगावर आले! चर्चच्या जेवणात तर बटाट्याची कुरकुरीत हॉटडिश चावताना माझाच जबडा गिरणीसारखा ऐकू येत होता. पाद्रींनी विचारलं (हे मागाहून कळलं), "मार्लिसशिवाय कसं चाललंय?" मी म्हणालो, "झकास! अजून थोडं वाढा."

शेवटी गेलो कान तपासणाऱ्या बाईंकडे. त्यांनी खोक्यासारख्या खोलीत कोंडून शिट्ट्या ऐकवल्या आणि म्हणाल्या, "काका, दुकानातलं यंत्र थोडं कमी ऐकू येणाऱ्यांना पुरतं. तुमचं पार पुढे गेलंय. नवं यंत्र बसवायला याल तेव्हा रोजच्या ओळखीचा आवाज सोबत आणा. काकूंनाच आणा ना!" काकू नाहीत, हे माझ्या तोंडून काही निघेना. मी आपला हो म्हणून आलो.

आता आणू कुणाला? फोन कुणी उचलला नाही की आपणच बोलून निरोप टिपून घेणारं ते टेलिफोनचं जुनं कॅसेटवालं यंत्र उचललं, काखेत मारलं आणि गेलो. नवं यंत्र माझ्या कानात बसवून बाईंनी कॅसेटचं बटण दाबलं. ताई, अकरा वर्षं अख्खं गाव जे ऐकत होतं, ते मी पहिल्यांदा ऐकलं: "मी बाहेर गेलेय. व्हर्नर घरातच आहे, पण त्याला ढिम्म ऐकू येत नाही. निरोप ठेवा, आल्यावर त्याच्या कानात ओरडते."

मी रडलो. तेही स्पष्ट ऐकू आलं. (फार वाईट आवाज आहे माझा.) बाई आवाज जुळवत राहिल्या, आणि मी "अजून नीट नाही" म्हणत तिला सात वेळा बोलायला लावलं. खरं तर पहिल्याच वेळी नीट होतं.

तुमचा,
व्हर्नर

ता.क. दुकानातलं यंत्र तुम्हाला पाठवतोय. तुम्हाला चांगलं ऐकू येतं, हे ठाऊक आहे. तरी असू द्या.

पुन्हा ता.क. गेलेल्या माणसाचा आवाज फोनवर असणं बरं दिसत नाही, पुसून टाका, असं तुम्ही दोनदा लिहिलंत. नाही पुसणार. उलट रविवारी चर्चनंतर फोन करा. मी घरातच असेन, पण उचलणार नाही. तिचं बोलून होऊ द्या, मग निरोप ठेवा. ओरडू मात्र नका, आता ऐकू येतं.