देवळीच्या दगडाचा राहिलेला पाय

३ जाने. १९५८
काळे मास्तरांनी बोलावलं. वर्ध्याला पंधरवड्यात इतिहासवाल्यांचं वार्षिक संमेलन. मास्तरांनी तीस वर्षं दगड-ताम्रपट वाचले, आता पहिल्यांदाच तिथं निबंध वाचणार. देवळीजवळ सखूबाईच्या वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर कोरीव दगड आहे. अक्षरं झिजलेली. ओला कागद ठोकून, वाळला की काजळीनं ठसा घ्यायचा.
"तू भटकूनच राह्यला, त मायं एवढं काम कर. पार खालपर्यंत घेजो."

९ जाने.
देवळीत कुस्त्या लागल्या होत्या. एका काळ्या गड्यानं तिघांना लोळवलं. पाहतच राहिलो. दगडापाशी पोचेतो उन्हं कलली.
सखूबाई म्हणे, "खाली मातीतबी अक्षरं आहेत नं बापू. कुदळ देऊ काय?"
नको म्हटलं. बस गेली असती. वर दिसत होता तेवढ्याचाच ठसा घेतला.

१० जाने.
मास्तरांनी ठसा उजेडाशी धरला. "एवढंच होतं?"
हो म्हणालो.

१९ जाने.
संमेलन. मंडप, सतरंज्या, कडक इस्त्रीचे पाहुणे. मास्तरांचा आवाज आधी कापला, मग छान लागला. नागपूरचे एक प्राध्यापक उठले, "शक, म्हणजे लेखाचं साल, कुठं आहे? तो शेवटी असतो. तुमचा शिलालेख तर मधेच तुटतो!" लोक हसले.
मास्तरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "खालचा भाग पाहायचा राहिला. चूक माझी."
अध्यक्ष म्हणाले, महिन्यात पुरता ठसा द्या, तरच अहवालात छापू.
जेवण गेलं नाही.

२० जाने.
मास्तरांना सगळं सांगून टाकलं. कुस्त्या, बस, कुदळ.
"कोन जिकलं?" एवढंच विचारलं. रागावले असते तर...

२४ जाने. धुऱ्यावरच लिहितोय
मास्तरही आलेत. सखूबाई कापूस वेचणं सोडून आली. "आज नाई काय चुकत बस?"
कुदळ मीच चालवली. वीतभर खाली दोन ओळी. मास्तरांनी बोट फिरवलं, चष्मा पुसला, परत फिरवलं. "डोळ्यानं नाई कळत. कागद लाव."
लावला. ठोकला.
आता वाळायची वाट. सडकेवरून दंडारीचा खेळ करणाऱ्यांची बैलबंडी चालली आहे, ढोलकी घुमते आहे. मान वळलीच.
मास्तर म्हणाले, "जातं त जाय."
"कागद ओला आहे अजून," म्हटलं. बसलो आहे.