सुशी कोण?

२ डिसेंबर १९३५, सोमवार

आजही यांच्या ताटात तर्री तशीच. मटणाचा रस्सा वरवर चाखला, भाकरीचा काठ मोडला आणि हात धुऊन मोकळे. विचारलं तर "भूक नाही." इतवारीच्या बाजारात दिवसभर सुताची दलाली करत हिंडणाऱ्या माणसाला भूक नाही म्हणजे काय? जातीत कुणाकडे पंगत असली की बाया मला मसाला वाटायला घरून बोलावून नेतात. आणि घरचा माणूस भाकरीच्या तुकड्यानं तर्री बाजूला सारतो.

कुठंतरी जेवून येतात. नक्की.

५ डिसें., गुरुवार

यांचा सदरा धुवायला घेतला. आधी वास घेतला. घेतला बापा, त्यात लाज कसली. अत्तर नाही, विडी नाही. आंबूस वास, शिरक्यासारखा, थोडा आल्याचा. असल्या वासाची बाई असते का? असेलही. शहरात काय नसतं.

८ डिसें., रविवार

रघुनाथ आला होता. यांचा लहानपणचा दोस्त. नागपुरात कापूस घ्यायला जे जपानी येतात त्यांच्याकडे कारकून आहे. दोघं ओट्यावर बसले. मी दाराआड पोहे निवडत होते.

रघुनाथ म्हणे, "बुधवारी मुंबईची मेल आली का सुशी असन. येतं का?"

हे म्हणाले, "हळू बोल ना गा. ते आत आहे."

'ते' म्हणजे मी!

नाव कळलं एकदाचं. सुशी. म्हणजे सुशीला. मेलनं येते म्हणजे मुंबईची. आणि दर बुधवारी! पोह्यात खडे राहिले असतील. राहू देत, चावू देत दोघांना.

यापुढे इथं नाव लिहायचं नाही. सु. एवढंच लिहीन. हे कधी वही उघडत नाहीत, पण भरवसा आता कुणाचा धरायचा?

११ डिसें., बुधवार

दुपारी जेवायला आले नाहीत. बुधवारच तो.

आमच्या टिमकी मोहल्ल्यातल्या साऱ्या सुशीला मनात उभ्या करून पाहिल्या. सोनाराची सुशीला दात पडलेली. मास्तरांची अजून परकर नेसते. कोपऱ्यावरच्या सुशीलेचा नवरा पैलवान, तिच्याकडे पाहायची यांची छाती नाही. म्हणजे मुंबईचीच.

संध्याकाळी शेजारच्या यमुनाबाई आल्या. पदर सावरून बसल्या तेव्हाच कळलं की काहीतरी घेऊन आल्या आहेत.

"वहिनी, सांगू का नको... तुमचे बुवा मले सदर बाजारात दिसले. त्या जपानीण बाईच्या बंगलीत शिरून राहिले होते."

"कोण जपानीण?"

"मोरीबाई म्हणतात तिले. जपान्याइले जेवू घालते. मले तं पुढचं बोलवत नाही बाई."

मोरीबाई! घरची चूल टाकून मोरीत जेवायला जातात. यमुनाबाई म्हणाल्या, या जपान्यांच्या नकली रेशमानं आपल्या लोकांचे माग बसले, अन् तुमचे बुवा त्यांच्याच ताटात. जातीत कळलं तर?

जातीचं नंतर पाहू. मला सगळा डाव दिसला. मोरीबाई म्हणजे घर चालवणारी आणि सु. म्हणजे तिनं मुंबईहून मागवलेली. जेवू घालायचं नुसतं निमित्त.

१४ डिसें., शनिवार

आडून विचारलं, "सुशीला नावाची कोणी आहे का गा... आहे का हो ओळखीत?"

"कोण सुशीला?"

इतका भोळा चेहरा! नाटक कंपनीत गेले असते तर नाव काढलं असतं. मी पाहत राहिले. तर यांचा हात हळूच पोटाशी गेला आणि चेहरा पिवळा पडला. पोटात पाप असलं की हात आपोआप तिथंच जातो.

रात्री जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

१८ डिसें., बुधवार

आज जाऊन आले. नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

यमुनाबाईंना सोबत घेतलं. टांग्यात त्यांची बडबड. बंगलीच्या दारात पुरुषांचे बूट ओळीनं. बाजूला यांच्या चपला. एक अंगठा मीच शिवून दिलेला. तो पाहिला आणि तोल गेला. सरळ आत.

चटयांवर पाच-सहा जपानी मांडी घालून बसलेले. कोपऱ्यात रघुनाथ आणि हे. बाई एकच, तीही म्हातारीकडे झुकलेली, बुटकी, हात भाताच्या शितांनी माखलेले. मी ओरडले, "सुशी कुठी आहे? बाहेर काढा तिले!"

ती बाई माझ्याकडे पाहून मान लववते काय, मग एक ताट उचलून माझ्या नाकाजवळ धरते काय! "सुशी? यह सुशी है. खाओगी?"

ताटात गार भाताचे मुटके. त्यावर मासळीचा काप, कुठं अंड्याचा, कुठं काकडीचा. बर्फात घालून मेलनं येते ती ही मासळी.

रघुनाथ पोट धरून हसत होता. यमुनाबाई पदर तोंडाला लावून माझ्याआधी टांग्यात. मलाही हसूच येत होतं. खरंच सांगते, अंगावरून ओझं उतरलं होतं. बाई नाही, भात आहे! शिळ्यासारखा गार भात, पण भातच.

मग यांचं ताट दिसलं.

बाकीच्यांना मासळी, अंडं. यांच्यापुढे दोन उघडे गोळे, गोल वळलेले. वर काळे तीळ. दुसरं काही नाही. शेजारी पाण्याची वाटी.

आईच्या दहाव्याला नदीवर पाहिलं होतं ते तसंच समोर. मला काय झालं कळलं नाही. ताट उचललं आणि पालथं घातलं. "जित्या माणसापुढं पिंड मांडता? माह्या नवऱ्याले काय समजून राहिले तुम्ही?"

हे उठले. मला वाटलं आता हात उचलतात. पण खाली बसून शितं गोळा करायला लागले. एकेक करून. मोरीबाईला म्हणाले, "माफ करना बाई."

तिची माफी मागितली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१९ डिसें., गुरुवार

घरात बोलणं बंद. सु. नावाची बाई नाही हे खरं. पण साऱ्यांना मासळी आणि यांनाच तीळ का? काहीतरी करणी असेल. परमुलखातली बाई, काय काय जाणत असेल कुणास ठाऊक. माणूस दोन महिन्यांत वाळून गेला आहे. हे मला आधी का दिसलं नाही? दिसलं होतं. मी ते सु.च्या खात्यात टाकलं होतं.

दहीभात कालवून ठेवला. अर्धा खाल्ला. मिरचीला शिवले नाहीत.

२१ डिसें., शनिवार

मोरीबाई घरी आली! टिमकीच्या गल्लीत जपानीण उतरली म्हटल्यावर आजूबाजूचे माग थांबले. एवढी शांतता मी इथं दिवसा कधी ऐकली नव्हती. हे इतवारीत गेलेले. तिला ते ठाऊक असावं, म्हणूनच ही वेळ गाठली.

पाट दिला. चहा नको म्हणाली. तिचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं.

म्हणाली, "तुम्हारा आदमी के लिए खट्टा नहीं डालती. मछली नहीं. तीखा नहीं. खाली चावल, थोड़ा तिल. दूसरा कुछ उसके पेट में ठहरता नहीं."

मी म्हटलं, "काहून? काय झालं त्याले?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच जमिनीत गेले. "तुमको नहीं बोला? उल्टी में खून आता है. मेरे घर में दो बार हुआ. मैंने बोला अस्पताल जाओ. वो बोलता है, पहले घर में कैसे बताऊँ, उसका हाथ का खाना सारा मोहल्ला माँगता है. उसको लगेगा मेरे खाने से हुआ."

गेली. जाताना पुन्हा मान लववली. मी उठलेसुद्धा नाही.

सु. असती तर बरं झालं असतं असं वाटलं. झिंज्या धरून बाहेर काढता आलं असतं. आता कुणाच्या झिंज्या धरू? रक्त पडलं ते या बाईला सांगितलं, माझ्याजवळ लपवलं. माझ्या रश्श्याची अब्रू राखायला! इतका राग कधी आला नव्हता. आणि इतकी भीतीही.

संध्याकाळी दारातच विचारलं, "रक्त कधीपासून?"

चपला काढता काढता म्हणाले, "अवं, थोडंसंच."

२४ डिसें., मंगळवार

मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर पोट दाबून दाबून पाहत होता आणि हे "नाही दुखत, नाही दुखत" म्हणत होते. कपाळावर घाम. मी मध्येच म्हटलं, "खोटं बोलून राहिले साहेब, त्यांचं ऐकू नका." डॉक्टर हसला. मग हसायचा थांबला.

आत घाव आहे म्हणतो. पोट उघडून पाहावं लागेल. तोवर मऊ भात, दूध, तिखट बंद. उघडल्यावर काय निघेल ते विचारलं, तर आधी उघडू दे म्हणाला. हा सरळ उत्तर का देत नाही?

परत येताना टांग्यात हे म्हणाले, "तुह्या जेवणानं नाही झालं वं."

मी विचारलं होतं का?

२९ डिसें., रविवार

मऊ भाताचे दिवस. खसखस, खोबरं, काळा मसाला, सारं फळीवर. घरात फोडणीचा वास नाही, शेजारपाजारचे विचारतात. यमुनाबाईंना सांगितलं, व्रत आहे. त्यांना पटलं नाही. पटू नये, मलाही पटलं नसतं.

आता नवा संशय. हे म्हणतात "आज बरं आहे." खरंच बरं आहे की मला सांगायचं म्हणून? न्हाणीघरात गेले की मी दाराशी कान लावते. एकदा पकडलं त्यांनी. म्हणाले, "आता इथी कोण सुशी ठेवली असन म्या?"

हसलो दोघंही. त्यांना हसताना दुखलं. लपवलं, पण दिसलं.

५ जाने. १९३६, रविवार

उद्या दवाखान्यात ठेवून घेणार. परवा पोट उघडणार.

सकाळी म्हणाले, "आज रस्सा कर."

"डॉक्टरनं नाही म्हटलं."

"मी कुठं खाऊन राहिलो? कर तं खरा. वास येऊ दे घरात."

केला. मसाला भाजला तेव्हा यमुनाबाई खिडकीतून ओरडल्या, "सुटलं का वं व्रत?" यांना मऊ भात वाढला. मी स्वतःचं ताट घेऊन आत जाणार होते, तर हे म्हणाले, इथंच बस. बसले. यांनी माझ्या वाटीतल्या तर्रीला नुसतं बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. डोळे मिटले.

म्हणाले, "तुह्या हातासारखं कोणाच्याच हातात नाही."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली. मीठ कमी म्हणाले, पाणी जास्त म्हणाले. चांगलं झालं असं या तोंडातून एकदा निघालं नव्हतं. माझा घास हातातच राहिला.

"आजच काहून म्हणता?"

"असंच."

असंच म्हणजे काय? डॉक्टर यांना एकट्याला गाठून काही बोलला का? मी औषध घ्यायला खाली गेले होते तेवढ्यात? विचारलं. नाही म्हणतात. त्यांचं 'नाही' मला ठाऊक आहे.

शेवटी म्हटलं, परत आल्यावर पहिलं काय करू जेवायला ते आताच सांगून ठेवा, सामान आणून ठेवते. "सांगतो," म्हणाले.

दिवे लागले. धोतरं घडी करून पिशवीत भरली. हे ओट्यावर रघुनाथशी बोलत बसले आहेत, आवाज ऐकू येतो आहे. मी दोनदा बाहेर जाऊन विचारून आले.

अजून सांगितलेलं नाही.