अबीलियोचं पीप

१२ ऑक्टोबर १९९४, बुधवार

आणि वर अबीलियो मलाच सांगतो, "ताई, तू फक्त ग्लास पुसून ठेव. साहेबांपुढे तोंड उघडू नकोस." तळघर कोण सांभाळतं? आई गेल्यापासून तेवीस वर्षं मी सांभाळते. हा तिकडे पोर्तो शहरात, त्याच्या चपलांच्या दुकानात. नाताळला येतो, खारवलेला मासा खातो, पिपातली वाईन औषधासारखी घशात ओततो, "झकास" म्हणतो, की निघाला.

पीप त्याचं, हे कबूल. तो जन्मला त्या साली, एकोणपन्नासला, बाबांनी भरलं आणि झाकणावर चुन्याने त्याचं नाव घातलं. मुलगा झाला की इथे सगळेच भरतात. मी त्याच्या सात वर्षं आधी झाले. तेव्हा कोणी काही भरलं नाही.

आता पोर्तोच्या एका कंपनीला ते हवंय. बाटलीवर १९४९ छापणार. एकाच सालची, म्हणून मोठा मान. उद्या त्यांचा चाखणारा येतोय, नोगेरा म्हणून.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आला. सत्तरीचा, हडकुळा, कानात कापूस. मला आवडला, कारण घाई केली नाही. काचेच्या नळीने वाईन काढली, ग्लासमागे पांढरी बशी धरली, कडेची हिरवट झाक बघितली. ती झाक खऱ्या म्हाताऱ्या वाईनलाच येते. मग नुसता वास घेत बसला. अबीलियोची बडबड चालूच – "अस्सल एकोणपन्नास, साहेब. इकडचा थेंब तिकडे नाही."

माझा हात ग्लासवर थांबला.

नोगेरा साहेब डोळे मिटून म्हणाले, "अक्रोड... जळकी साखर... संत्र्याची वाळलेली साल." मग डोळे उघडले. "आणि हे काय? शेवटी जीभ एकदम ताजी होते. एवढ्या वयात ही तरतरी कुठून आली?"

"आमच्या मातीचा गुण," अबीलियो म्हणाला.

मी ग्लास पुसत राहिले. मी! एक छोटी बाटली भरून ते घेऊन गेले.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

मातीचा गुण म्हणे.

दरवर्षी लाकडातून एक घागर उडून जाते. कंपनीवाले म्हणतात देवदूत पितात. पितो कोणी का, पण भरलं नाही तर उरलेली वाईन घट्ट होत जाते, काकवीसारखी, आणि मरते. म्हणून आई जानेवारीत घागरभर धाकटी वाईन ओतायची. "पोराला जेवू घालते," म्हणायची. ती गेल्यावर मी घालते. चॅपेलमागच्या माझ्या दगडाळ तुकड्यातल्या द्राक्षांची, सहा-सात वर्षं मुरलेली. चाखून ओतते. एका साली पसंत पडली नाही म्हणून पुन्हा दुसऱ्या भांड्यातली काढली.

अबीलियोला हे माहीत नाही. विचारलंच नाही कधी. पंचेचाळीस वर्षं पीप तेवढंच भरलेलं कसं, असं डोक्यात यायला डोकं लागतं.

१७ ऑक्टोबर, सोमवार

अबीलियोला फोनवर सांगून टाकलं. मग –

"म्हणजे तू माझं पीप बिघडवलंस."

"जगवलं."

"ताई, एका सालची म्हणजे एका सालची! कंपनीला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. तू यातलं अक्षर बोलायचं नाहीस."

मी फोन ठेवला. खोटं साल छापलेल्या बाटलीत माझी वाईन. लोक चाखून म्हणणार, वा, काय एकोणपन्नास!

१८ ऑक्टोबर, मंगळवार

ऑलिव्ह गोळा करायला झाडांखाली जाळी अंथरायची होती. गेले नाही. तळघरात पाचदा गेले, करण्यासारखं काही नव्हतं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी एकटीने चाखली. दोन थेंब तळहातावर घेऊन हात चोळले, नाक घातलं. आधी साखर, मग जुनं लाकूड. मग ती तरतरी येते, माझ्या तुकड्यावर उन्हात तापलेल्या दगडासारखी. मला कळतं. त्याखाली आईची असणार, मऊ. एकोणपन्नासची शोधत बसले. आहे, नाही असं नाही. पार तळाशी, कडवट.

ग्लास तसाच ठेवला, धुतला नाही. रिकामा ग्लास दुसऱ्या दिवशी जास्त बोलतो.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

नोगेरा साहेब परत आले, अबीलियोही हजर. बसलेही नाहीत. "ही एका सालची नाही. कोणीतरी हिला पाजत आलंय. कोण?"

अबीलियो म्हणाला, "शक्यच नाही."

मी म्हणाले, "मी. माझ्याआधी आई."

अबीलियो भिंतीकडे बघायला लागला. म्हातारा हसला. "बाई, तुम्ही ओतली नसती तर आज आम्ही डांबर चाटत बसलो असतो. साल छापता यायचं नाही. चाळीस वर्षांची जुनी म्हणून घेतो, आनंदाने. कागदावर मालक कोण लिहू?"

"मी," अबीलियो म्हणाला. "झाकणावर वाचा ना."

"झाकण मी चाखलं नाही," साहेब म्हणाले. कागदावरची ती जागा कोरी सोडली, कागद माझ्या हातात दिला. "भावंडांनी ठरवा. सेंट मार्टिनच्या सणाला, अकरा नोव्हेंबरला येतो."

जाताना अबीलियो दारातून म्हणाला, "चार घागरी ओतल्या म्हणून मालकीण झालीस होय?"

३१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी पत्र टाकलं. त्यात लिहिलं ते इथेही लिहून ठेवते, उद्या त्याने नाही म्हणायला नको –

अबीलियो, नोगेरा साहेबांसमोर ये आणि चाख. आईची कुठे सुरू होते, माझी कुठे, आणि तुझी किती उरली, ते जिभेने सांग. ओळखलंस तर सगळं पीप तुझं, मी पुन्हा नाव काढणार नाही. येणार की नाही ते सेंट मार्टिनच्या दिवशी, शुक्रवारी अकरा तारखेला, दुपारच्या जेवणापर्यंत कळव. नाही कळवलंस तर कोऱ्या जागेत माझं नाव लिहिते, देओलिंदा. तेवढं मला लिहिता येतं.